अंबक्काचा उलटा हात

अंबक्काला हिरव्या पानाचा भयंकर राग होता. झाडावरच्या नव्हे, डबीवरच्या. साबण असो, पीठ असो, दात घासायचा ब्रश असो, कोपऱ्यात एक हिरवं पान छापलेलं दिसलं की ती वस्तू ती दोन बोटांत मेलेल्या पालीसारखी लांब धरायची आणि विचारायची, "हे पान कशाला लावलंय? ह्यानं काय केलंय?" जणू ती वस्तू काहीतरी गुन्हा करून आमच्या गल्लीत शिरली आहे आणि पान म्हणजे तिचा वकील.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या समोरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. सत्तरी उलटलेली, उंचीला चौथीतल्या मुलीएवढी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चालताना मान किंचित पुढे काढलेली, वासावर निघालेल्या मांजरासारखी. चादरीच्या कारखान्यात तपासणी खात्यात तिनं तीसेक वर्षं काढली होती. उतरत्या टेबलावरून कापड ओढायचं, डोळ्यांनी आणि हातांनी चाचपायचं, दोष सापडला की तिथं निळ्या खडूची फुली मारायची. बाईनं आयुष्याची तीस वर्षं फक्त चुका शोधल्या. निवृत्तीच्या दिवशी कारखाना सुटला, सवय कशी सुटणार? मग गल्ली हेच तिचं टेबल झालं आणि आम्ही सगळे त्याच्यावरून ओढले जाऊ लागलो.

तिची तपासायची पद्धत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. ती वस्तूला तळहात लावत नसे. डावा हात उलटा करायची आणि बोटांच्या मागच्या बाजूनं वस्तूवरून हळूच फिरवायची. डोळे मिटलेले. आजूबाजूला पूर्ण शांतता पाहिजे. मी हौशी नाटकवाला माणूस. नोकरी शाळेच्या ऑफिसात, जीव रंगमंचावर. असा प्रवेश मलाही कधी जमला नाही. म्हणून मी एकदा विचारलंच, की अक्का, सरळ हातानं का नाही?

"तळहात कामानं मेलाय रे नाटक्या," ती म्हणाली. "तो कुणालाबी व्हय म्हणतो. उलटा हात अजून जित्ता हाय."

माझं नाव तिनं कधीच घेतलं नाही. मी तिच्या लेखी नाटक्याच होतो, आणि माझ्यावर तिचा कायम थोडा संशय होता. तो अगदी योग्य होता, हे पुढं कळेलच.

गल्लीत कुणाला काही विकत घ्यायचं झालं की आधी अंबक्काला हाक जायची. माठ घ्यायचा, अंबक्का. केरसुणी घ्यायची, अंबक्का. ती विकणाऱ्याला किंमत विचारायचीच नाही. पहिला प्रश्न ठरलेला: "हे कुणी केलंय?" नाव सांगता आलं, गाव सांगता आलं, तर पुढं बोलणं. मोहोळकडून डोक्यावर केरसुण्या घेऊन येणारी बाई "मी अन् माझ्या सासूनं" म्हणाली की तिला आधी पाणी मिळायचं. कुणी "कंपनीनं केलंय" म्हणालं की अंबक्का त्याला शांतपणे विचारायची, "कंपनीला आई हाय का?" एकदा प्लास्टिकच्या बादल्या विकणारा तरणा माणूस ह्या प्रश्नावर इतका गोंधळला, की बराच वेळ खरोखर विचार करत उभा राहिला.

तिच्या घरात फेकायचं असं काही नसे. चादरीला चार जन्म असतात, असं तिचं शास्त्र. आधी अंगावर, मग गोधडीच्या पोटात, मग पायपुसणं, आणि शेवटी चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं. त्याच्याही चिंध्या झाल्या की त्या झाडाच्या बुंध्याशी. "चारी जन्म जी काढती ती चादर," ती म्हणायची, "दुसऱ्या जन्मातच मरती ती नुसती चमक."

कोपऱ्यावर एक चकाचक दुकान निघालं तेव्हा मी मुद्दाम तिला तिकडे घेऊन गेलो. माझा हेतू शुद्ध नव्हता. दुकानात मातकट रंगाच्या कागदी पिशव्या, मंद संगीत आणि सगळीकडे पानंच पानं. काउंटरवरचा मुलगा गोड होता. त्यानं तिच्या हातात एक सुंदर खोकं दिलं आणि समजावलं, की आजी, ही भांडी घासायची पूर्ण नैसर्गिक घासणी आहे, प्लास्टिक अजिबात नाही. अंबक्कानं खोकं उघडलं. आत वाळलेल्या घोसाळ्याचा एक तुकडा, रेशमी कागदात, नवरीसारखा बसवलेला.

 ती मला म्हणाली, "ह्याला वळखलंस का? आपल्या पत्र्यावर असतंय ते."

मुलाला तिनं कुठलं घोसाळं, कुणाच्या वेलावरचं, असं विचारलं. त्यानं खोकं उलटसुलट करून वाचलं आणि एका लांबच्या देशाचं नाव सांगितलं. अंबक्काला राग आला नाही. उलट तिचा चेहरा कळवळल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या पत्र्यावरची सहा वाळकी घोसाळी काढून त्या मुलाला नेऊन दिली आणि सांगितलं, की बाबा, एवढ्या लांबून मागवत जाऊ नको, ते घोसाळं दमलं असंल.

आता माझं पाप सांगतो. मला बरेच दिवस शंका होती, की बाईला काही कळत-बिळत नाही, नुसता थाट आहे. म्हणून मी परीक्षा घ्यायची ठरवली. गल्लीच्या तोंडाशी एक मावशी उखळात शेंगाचटणी कुटून विकतात. अंबक्का फक्त तीच खायची. बोटानं दाबली की तेल सुटतं ती खरी, असं म्हणायची. मी बाजारातून यंत्रावर केलेली चटणीची पुडी आणली, त्यात वरून थोडं शेंगदाण्याचं तेल चोळलं, मावशींच्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधली आणि साळसूदपणे अंबक्कापुढे ठेवली, की अक्का, मावशींनी पाठवलीय.

तिनं पुडी उघडलीसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पुडी माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "तूच खा."

मी हादरलो. उलटा हात नाही, वास नाही, काहीच नाही. विचारलं, कसं कळलं?

"चटणीला कशाला बगू? तुला बगितलं की. रोज मोठ्यानं वरडत येतोस, आज आवाज बारीक केलास."

तेव्हा मला तिचं अर्धं गुपित कळलं. हात हा देखावा होता असं मी म्हणणार नाही, हात खराच होता. पण हात वस्तूवर फिरत असताना तिचं लक्ष माणसावर असायचं. मिटलेल्या डोळ्यांत एक बारीक फट असायची आणि त्या फटीतून ती विकणाऱ्याचा चेहरा वाचायची.

उरलेलं अर्धं गुपित मंद्रूपच्या बाजारात कळलं. ज्वारी घ्यायला ती दरवर्षी एसटीनं तिथं जायची, त्या वर्षी पोतं उचलायला मला नेलं. एक शेतकरी आपल्या ज्वारीचं असं वर्णन करत होता, की मोत्यांनी लाजावं. अंबक्का पुढं गेली. त्याच्या पलीकडे एक म्हातारा गप्प बसला होता. तिनं विचारल्यावर म्हणाला, "वरली चांगली हाय बाई. खाली जरा भिजल्याली हाय, ती बाजूला काढून देतो." तिनं दाणा दाताखाली धरला नाही, हात फिरवला नाही, अख्खं पोतं त्याच्याकडून घेतलं. एसटीत मी तक्रार केली, की पोतं जड आहे आणि तपासलंही नाही. ती म्हणाली, "जो आपल्या मालाची खोड सांगतो, त्याच्याकडनं डोळं झाकून घ्यावं. ज्याच्या मालात खोडच न्हाय, तितं नीट बगावं."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. फार आवडलं होतं. त्याच वाक्यानं पुढं एका माणसाचा गळा धरला.

तो माणूस म्हणजे यादगिरी. आमच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे दोन यंत्रमाग होते, बापाकडून आलेले. जोडीचे, एकाच कारखान्यात घडलेले, म्हातारे. एकावर चादर निघायची, दुसऱ्यावर टॉवेल. बाप विणलेलं कापड कारखान्याला द्यायचा, ते अंबक्कानं तिथं वर्षानुवर्षं तपासलं होतं आणि त्याच्या टॉवेलाची खोड तिला पाठ होती: दर वीतभर अंतरावर एक बारीक विरळ रेघ. विणलेलं कापड पुढं ओढून घेणाऱ्या चाकाचा एक दात झिजला होता, त्या दातापाशी प्रत्येक वेळी गडबड व्हायची. डोळ्यांना सहसा दिसायची नाही. तिच्या उलट्या हाताला मात्र लगेच लागायची. बाप वारला तेव्हा स्मशानातून परतल्यावर तिनं यादगिरीला बजावलं होतं, की दोन्ही माग बापाचे आहेत, एकही मोडायचा नाही. आणि त्यानं मान हलवली होती.

पण मान हलवून मागाला काम मिळत नाही. चादरीचा माग वर्षभर गप्प होता. टॉवेलाचं कामही तुटक. यादगिरी पुण्याला वॉचमन म्हणून जाणार, अशी कुजबुज होती. त्यानं मलाच एकदा सांगितलं होतं, की एक मोठं काम मिळालं तर राहीन, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो.

त्याच सुमारास आमच्या मुलीचं, मुक्ताचं लग्न ठरलं. मुलगा बघायला आला त्या दिवशी अंबक्का आलीच होती. पोह्यांची बशी देता देता तिनं त्याच्या बाहीला उलटा हात लावून घेतला आणि आत येऊन माझ्या बायकोला, सुनंदाला, निकाल दिला: शर्ट खोटा आहे, पोरगा बरा आहे.

आमच्याकडे लग्नात पाव्हण्यांना टॉवेल-टोपीचा आहेर लागतोच. टोप्यांचं ठरलेलं होतं. टॉवेल तीनशे. मी सुनंदाला म्हटलं, यादगिरीला देऊ. ती हो म्हणाली. तिचा भाऊ दिलीप मात्र बारीक डोळे करून बसला. त्याला सगळ्या गोष्टी घाऊक, फोनवरून आणि चकचकीत पिशवीत लागतात. तो म्हणाला, आजकाल हे लोक बाहेरून स्वस्त माल आणून आपलं नाव लावतात, आधी नमुना बघा, मग बोला. आणि असे प्रकार चालतात हे आम्हालाही ऐकून माहीत होतं. शंका एकदा ओट्यावर येऊन बसली की तिला चहा द्यावाच लागतो. नमुना बघायचा ठरलं. बघणार कोण, हा प्रश्नच नव्हता.

यादगिरी एका सकाळी टॉवेल घेऊन आमच्या ओट्यावर आला. अंगात धुतलेला सदरा. हात मात्र काळे, मनगटापर्यंत वंगण मुरलेलं. टॉवेल त्यानं वर्तमानपत्रात असा गुंडाळला होता की जणू आत तान्हं मूल आहे. गल्लीतली चार माणसं उगाचच जमली. अंबक्कानं टॉवेल मांडीवर पसरला, डोळे मिटले, उलटा हात फिरवायला लागली.

एक वीत. दोन. तीन. ती थांबली आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. ह्या वेळी तिच्या डोळ्यांत फट नव्हती. ते मी नक्की पाहिलं, कारण मी तीच बघत होतो. ती पूर्ण आत गेली होती, तीस वर्षं मागे, त्या उतरत्या टेबलापाशी.

"रेघ कुटं हाय?" तिनं विचारलं.

"आता न्हाय, अक्का," यादगिरी म्हणाला.

"कुटं गेली?"

तो खाली बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एरवी ती त्याच्याशी तेलुगूत बोलायची, दोघांच्याही घरची भाषा ती. त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत बोलली.

"हा माल तुजा न्हाय."

बस. एवढंच. यादगिरी उठला, चपला घातल्या आणि गेला. टॉवेल तिच्या मांडीवरच राहिला. दिलीपनं त्याच मिनिटाला फोन काढला.

ही आमची जमात अशी, की पाहुण्याला ओळखायला वेळ लावू, पण फसवणाऱ्याला लगेच ओळखू. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की यादगिरी बाहेरचा माल आपला म्हणून खपवतो, आणि खुद्द अंबक्कानं पकडलं. दोन दुकानदार त्याच्याकडून थोडेफार टॉवेल घ्यायचे, त्यांनी थांबवलं. तो कुणाकडे खुलासा करायला आला नाही. हाही पुरावाच धरला गेला. मीही धरला. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, निर्दोष माणूस भांडला असता.

अंबक्का मात्र जिंकल्यासारखी दिसत नव्हती. केरसुणीवाली आली तरी ती बाहेर आली नाही. एकदा मला अचानक म्हणाली, "त्येचं तोंड कसं होतं रे तवा?" मी म्हटलं, शरमलेलं होतं. ती म्हणाली, "शरमलेलं का भ्यालेलं?" मला सांगता येईना. "मी बगितलंच न्हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

चार दिवसांनी सुनंदानं तो टॉवेल धुतला. ही खोडही अंबक्काचीच लावलेली: पहिल्या धुण्यापर्यंत कुणाचंच काही खरं मानायचं नाही. खळ जाऊ द्यावी, मग कापड बोलतं. म्हणजे बाईनं त्या दिवशी स्वतःचाच नियम मोडला होता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. टॉवेल दोरीवर वाळत होता. अंबक्का सकाळचं पाणी भरून परत येत होती. दोरीखालून जाताना सवयीनं तिचा उलटा हात वर गेला, आणि कळशी हातातच राहिली.

तिनं मला हाक मारली. काठाजवळ तिचं बोट एका जागी रुतलं होतं. तिथं धागा तुटला होता आणि जोडला होता. खळीखाली दबलेली गाठ धुतल्यावर वर आली होती. साळ्याची, विणकराची गाठ असते ती, बाजरीच्या दाण्याहून लहान.

"माझं डोळं गेल्यात. तू बग. गाठीचं शेपूट कुटल्या अंगाला हाय?"

मी चष्मा पुसून पाहिलं. डावीकडे, म्हणालो.

ती ओट्याच्या पायरीवर बसली. कळशी मी घेतली. मग तिनं सांगितलं, की साळी गाठ मारतो तेव्हा शेपूट उजवीकडे पडतं, सगळ्यांचं. फक्त यादगिरीच्या बापाचं डावीकडे पडायचं, कारण तो डावरा होता. अशा गाठी तिनं चिमट्यानं आयुष्यभर उपसल्या होत्या. पोरगा उजवा, पण गाठ शिकला ती बापाच्या हाताकडे बघून.

"माल त्येचाच हाय," ती म्हणाली. "मग रेघ कुटं गेली?"

आम्ही दोघं शेडवर गेलो. रस्त्यात ती एकदाही थांबली नाही, नाहीतर तिचे गुडघे दर दहा पावलांना थांबायचे. यादगिरी आत होता, पोत्यात पाने-हातोड्या भरत होता. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. टॉवेलाचा माग जागेवर होता. त्याच्या शेजारी, जिथं चादरीचा माग असायचा, तिथं काहीच नव्हतं. फरशीवर फक्त चार स्वच्छ चौकोन, मागाच्या पायांचे. बाकी सगळी फरशी तेलानं काळी.

कोड्याला उत्तर द्यायची गरजच राहिली नाही. लग्नाच्या आहेराचा माल रेघेचा द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. झिजलेल्या चाकाच्या जागी बसेल असं चाक आता कुठंच मिळत नव्हतं. मिळत होतं ते फक्त जोडीच्या मागात. म्हणून त्यानं बापाचा चादरीचा माग खोलला, त्याचं चांगलं चाक काढून टॉवेलाच्या मागाला बसवलं, आणि उरलेलं लोखंड विकून टाकलं. रेघ कुठं गेली असं तिनं विचारलं तेव्हा खरं उत्तर द्यायचं, तर ज्या बाईला शब्द दिला होता तिलाच सांगावं लागलं असतं, की मी माग मोडला. त्यापेक्षा चोर ठरलेलं त्याला बरं वाटलं.

अंबक्का खाली वाकली आणि त्या चार चौकोनांपैकी एकावर उलटा हात ठेवला. मग ती यादगिरीशी तेलुगूत बोलली. बराच वेळ, हळू. मला फक्त सुरुवातीचं "एम्रा" कळलं, काय रे बाबा, एवढंच. बाकीचं मी विचारलं नाही, आणि माझ्यासारख्यानं विचारलं नाही, यावरूनच काय ते समजा. यादगिरी उभ्या उभ्या तोंडावर पंचा धरून राहिला.

पुढचं मात्र मराठीत झालं आणि सगळ्यांसमोर झालं. ती म्हणाली, जिथं खोटं बोलले तिथंच खरं बोलणार. यादगिरीला हाताला धरून तिनं आमच्या ओट्यावर आणलं, खुर्चीत बसवलं, आणि त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाला बोलावून आणायला मला पिटाळलं. मी आयुष्यात इतक्या आनंदानं निरोप्याचं काम केलं नाही. दोन दुकानदारांनाही बोलावलं. दिलीपला झोपेतून उठवलं. सगळे जमल्यावर ती उभी राहिली. उभी राहिली तरी बसलेल्या यादगिरीएवढीच.

"मी चुकले," ती म्हणाली. "माल ह्येचाच हाय. मी कापडाला बगितलं, माणसाला बगितलं न्हाय."

 यादगिरी खालमानेनं म्हणाला, "अक्का, रेघ परत आणू का?"

"गप बस. लग्नाच्या टॉवेलात तुज्या बापानं रेघ दिली असती का?"

लोक हसले. दिलीप हसला नाही, कारण त्याचे घाऊक टॉवेल आदल्या दिवशी आले होते. चकचकीत पिशव्या, वर ठळक अक्षरात 'अस्सल सोलापुरी', आणि कोपऱ्यात, होय, हिरवं पान. अंबक्कानं एकाचा धागा ओढून काडी लावली. सुताची राख होते. ह्याचा काळा टणक मणी झाला. तो मणी तिनं दिलीपच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "ह्येला आई हाय का?" त्या संध्याकाळी दिलीपनं गठ्ठे परत पाठवले. आजही तो सांगतो, की मुळात त्याचाच त्या मालावर संशय होता.

लग्नाला बारा दिवस होते. एक माग, तीनशे टॉवेल. यादगिरीचा माग सकाळी सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. गल्लीतल्या बायकांनी दशा, म्हणजे टोकाचे सुटे धागे, वळायचं काम वाटून घेतलं. शेडच्या दारात, उजेडाला, पाट टाकून अंबक्का बसायची आणि एकेक टॉवेल मांडीवरून ओढायची. कोणत्या तरी कोपऱ्यातून तिनं जुना निळा खडू शोधून काढला होता. मी रोज जायचो, कामाला नव्हे, बघायला. मला शंका होती, की आता ती दयेनं सगळेच पास करील. एकवीस टॉवेल तिनं बाजूला टाकले. यादगिरी कुरकुरला, की अक्का, इतकं कुणी बघत नाही. ती म्हणाली, मी बघते. त्यानं एकवीस परत विणले. तेव्हा कुठं माझी खात्री झाली, की बाई पूर्ण बरी आहे.

लग्न झालं. टॉवेल पाव्हण्यांच्या खांद्यांवर गेले. त्यांतल्या काहींनी, हे कुणी केलंय, असं विचारलं आणि नाव-पत्ता घेऊन गेले. यादगिरी पुण्याला गेला नाही. एवढं पुरे, त्याचं नशीब फळफळलं वगैरे मी सांगणार नाही, तुम्हीही विश्वास ठेवणार नाही.

त्याच उन्हाळ्यात अंबक्काची मुलगी तिला भिवंडीला घेऊन जायला आली. डोळे फार अधू झाले होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी राहिली. सामान म्हणजे एक ट्रंक, एक माठ आणि वाळलेल्या घोसाळ्यांची पिशवी. मुलगी म्हणत होती, की भिवंडीत सगळं मिळतं. अंबक्का म्हणत होती, तेच तर.

निघायच्या वेळी यादगिरी आला. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मोडलेल्या मागावरची शेवटची चादर, खोलायच्या आधी उतरवलेली, त्यानं कुणालाच विकली नव्हती. रिक्षात वाकून त्यानं ती तिच्यापुढे धरली.  आता तो डावा हात उलटा होणार, डोळे मिटणार, आणि ट्रंक सांभाळत उभ्या असलेल्या तिच्या मुलीची गाडी चुकणार, याची आम्हाला खात्री होती.

तिनं दोन्ही हात पुढं केले. तळवे वर. चादर घेतली, मांडीवर ठेवली आणि वर सरळ हात ठेवून बसली. कागदही उघडला नाही.

"चालंल," ती म्हणाली. आमच्या गल्लीत कुठल्याही वस्तूला तिच्याकडून ह्याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळालेलं नाही.

रिक्षा हलली. कोपऱ्यावर, त्या पानापानांच्या दुकानापाशी, ती वळायला जरा थांबली, तेव्हा आतला एक बारीक हात पुढं झालेला दिसला. रिक्षावाल्याच्या सीटच्या पाठीवरचं चकचकीत आच्छादन त्यानं उलट्या बोटांनी चाचपलं, आणि कुणी काहीतरी विचारल्यासारखी रिक्षावाल्यानं मागे मान वळवली.